आटपाडी ते अंधेरी : चित्र काढणाऱ्या मुलांची सहल

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा उरकल्या की दरवर्षी दोन-चार मुलं माझ्या टेबलापाशी घुटमळतात. प्रश्न ठरलेला असतो. "सर, चित्र काढून पुढं काय हुतं?"

सहा वर्षांपूर्वी एका मुलाला मी पटकन उत्तर दिलं होतं, ॲनिमेशनला जा. त्यानं ते मनावर घेतलं. कुठल्याशा खाजगी क्लासचं चकचकीत माहितीपत्रक घरी आलं, वडिलांनी डाळिंबाच्या बागेवर कर्ज काढून साडेतीन लाख भरले. वर्षभरात पदरात काय पडलं, तर तिघांत मिळून एक कॉम्प्युटर, एकच सॉफ्टवेअर आणि शेवटी लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. आज तो विट्यात फ्लेक्स छापतो. रस्त्यात दिसलो की अजून वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार मला सोसत नाही.

तेव्हाच ठरवलं, आता ऐकीव उत्तर कुणाला द्यायचं नाही. मुलांना घेऊन जायचं, कामं जिथं चालतात तिथं उभं करायचं, आणि काम करणाऱ्यांच्याच तोंडून ऐकू द्यायचं. परवानग्यांची पत्रं पाठवण्यात चार महिने गेले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अकरावी-बारावीची एकतीस मुलं-मुली, सोबतीला आमच्या मराठीच्या मॅडम, आणि सहलीच्या सवलतीत मिळालेली एसटी, असे आम्ही निघालो.

सोमवार : कोल्हापूर

पहाटे साडेचारला आटपाडी सोडली. थंडी कडक होती, खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या, निम्मी मुलं शाली गुंडाळून झोपलेली. उजाडल्यावर तालुक्याची हद्द ओलांडायच्या आत मी एवढंच सांगितलं की गदिमा आपल्याच तालुक्यातल्या शेटफळ्याचे, आणि पोटासाठी त्यांनी गाठलं ते कोल्हापूर, कारण तेव्हा सिनेमा कोल्हापुरात होता. "मुंबईत न्हवता व्हय सर?" मागून कुणीतरी विचारलं. उत्तर द्यायला आम्ही थेट खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी उतरलो.

येणारे-जाणारे त्या स्तंभाकडे फारसं बघत नाहीत. आमच्या मुलांनी मात्र तिथं तासभर काढला. बाबूराव पेंटर हे मुळात नाटकाचे पडदे रंगवणारे कलाकार. सिनेमा काढायचा म्हटलं तर कॅमेरा हवा, आणि तो विलायतेहून आणायची ऐपत नव्हती. मग इथल्याच लेथवर भाग कातून, दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा घडवला. तानीबाई कागलकर या गायिकेनं भांडवल दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली तिचा पहिला चित्रपट लोकांसमोर आला. त्याच कंपनीत पडेल ते काम करत शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, तयार झाला. पुढे 1 जून 1929 ला दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली.

आमच्यातल्या एकाच्या वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. त्याला चित्रकलेत जेमतेम पास होण्याइतके गुण मिळतात, सहलीला तो मित्रांच्या संगतीनं आला होता. लेथवर कॅमेरा केला म्हटल्यावर त्याचे डोळे उघडले. "म्हंजे सर, फिटर लागतो सिनेमाला?" लागतो तर! सिनेमाला फिटर लागतो, सुतार लागतो, शिंपी लागतो, वायरमन लागतो. हे एक वाक्य त्यानं घरी नेलं तरी सोमवारचा खर्च वसूल, असं मला वाटलं.

दुपारी मोरेवाडीच्या चित्रनगरीत गेलो. चित्रीकरण बंद होतं, मोकळे सेट तेवढे बघितले. रात्री मंगल कार्यालयात मुक्काम, झुणका-भाकरी, आणि साडेनऊला दिवे बंद.

मंगळवार : पुणे

तीनला उठवलेली पोरं खंबाटकीच्या घाटापर्यंत बोललीच नाहीत. दहाच्या सुमारास लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोचलो. खरं सांगायचं तर ही भेट कंटाळवाणी होईल असा माझा अंदाज होता. सबंध सहलीत मुलं सगळ्यांत शांत बसली ती इथं.

हातात पांढरे सुती मोजे घातलेल्या एका ताईंनी टेबलावर 35 मिलिमीटरची रीळ ठेवली, एक टोक उलगडलं आणि दिव्यासमोर धरलं. एकेका मुलानं जवळ जाऊन बघायचं. एका फुटात सोळा चित्रं. वरवर सगळी सारखीच, पण नीट बघितलं तर त्या नटाचा हात प्रत्येक चित्रात केसभर वर सरकलेला. "सेकंदाला अशी चोवीस," ताई म्हणाल्या. बारावीतल्या एका मुलीनं तिथंच वहीत गुणाकार मांडला. मिनिटाला 1,440, दीड तासाच्या सिनेमाला 1,29,600. आकडा बघून ती माझ्याकडे वळली. "सर, आणि ॲनिमेशनवाले ही सगळी हातानं काढायचे?" मी म्हटलं, बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेमना वापरतात, म्हणजे निम्मी धर. निम्मीसुद्धा 64,800 होतात, आणि ती काढणारी माणसं होती.

मग ताईंनी नायट्रेटबद्दल सांगितलं. जुन्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती पेटली की विझवणं अवघड, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या अंगातच असतो, पाण्याखालीसुद्धा जळत राहते. 2003 च्या जानेवारीत शेजारच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्या मूळ प्रतीही गेल्या. आपल्या मूकपटांतले बहुसंख्य आज जगात कुठंच नाहीत. काही सडले, काही जळाले, आणि पुष्कळसे चांदीसाठी विकले गेले, कारण काळ्यापांढऱ्या फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं. फिल्म धुवायची, चांदी काढून घ्यायची, उरलेल्याचा चोथा.

इथं आमची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, उभी राहिली. तिच्या वडिलांचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली शेकडो घरं याच धंद्यावर उभी आहेत. सोनाराच्या दुकानातला केर घ्यायचा, जाळायचा, गाळायचा, त्यातून सोनं-चांदी काढायची, त्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात जायचं. ती म्हणाली, "आमचे आजोबा एक्स-रेच्या फिल्मा घ्यायचे. धुऊन चांदी काढायचे. त्यात सिनेमाच्या पण असतील का?"

ताई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "असतीलही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं ना, यात काय आहे ते. आता तुला माहिती झालं." आणि त्यांनी तिला मोजे दिले, रिळाचं टोक तिच्या हातात दिलं. तिनं ते दोन बोटांत कडेनं धरलं, मध्ये कुठंही हात न लावता. नाजूक जिन्नस कसा धरायचा हे त्या घरात लहानपणीच शिकवतात. संध्याकाळी तिनं मला विचारलं, या कामाला शिक्षण काय लागतं? फिल्म जतन करणं हे काम असतं, त्याला रसायनशास्त्र लागतं, हे माझ्याही यादीत नव्हतं. आज तिच्यामुळे आलं.

हे संग्रहालय 1964 साली सुरू झालं. पी. के. नायर यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून डबे गोळा केले, फाळके कुटुंबाकडूनही फिल्मचे तुकडे मिळवले, म्हणून निदान एवढं उरलं.

दुपारी फिल्म इन्स्टिट्यूट. 1933 साली प्रभात पुण्याला आली, तो स्टुडिओ याच जागेत. 1960 मध्ये तिथं सरकारी संस्था झाली. प्रभातचा जुना भव्य फ्लोअर अजून वापरात आहे. आत शिरल्यावर सगळ्यांनी आपोआप आवाज खाली केला. वर लाकडी तुळयांवर दिवे टांगायच्या वाटा, भिंतींवर आवाज शोषणारं अस्तर. कला दिग्दर्शनाच्या एका विद्यार्थ्यानं आम्हाला पुठ्ठ्याचं घर दाखवलं, काडेपेटीएवढ्या खिडक्या असलेलं. आधी असं छोटं मॉडेल करायचं, मग मापं वाढवून सुतारांना द्यायची. तो कोकणातल्या एका खेड्यातला. त्यानं मुलांना रोखठोक सांगितलं, "इथं यायला आधी पदवी लागते. कुठली चालते ते अभ्यासक्रमावर ठरतं, पण पदवी हवी. तोवर रोज स्केच करा, आणि सिनेमा मोबाईलवर बघू नका."

बारावीनंतर लगेच काय, हा प्रश्न होताच. ते मी रात्री मुक्कामावर फळ्यावर लिहून दिलं. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबईची यूसीड परीक्षा असते, ती कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते. अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा वेगळी, तिथं ॲनिमेशन फिल्म डिझाइन पदवीलाच आहे. आणि आपल्या राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी एएसी सीईटी. सरकारी कला महाविद्यालयाची फी आणि त्या माहितीपत्रकातली फी शेजारी-शेजारी लिहिली, तेव्हा मुलं गप्प झाली. मी तो फळा बराच वेळ पुसला नाही.

बुधवार : मुंबई, पेडर रोड

मुंबईत आमची सोय भुलेश्वरला झाली. झवेरी बाजारात गलाईचं काम करणाऱ्या गावकऱ्यांनी एका धर्मशाळेचे दोन हॉल मिळवून दिले. एवढंच नव्हे, आल्या-आल्या पोहे आणि चहा. परगावी गेल्यावर आपल्या बोलीत कुणी "जेवलासा का?" विचारलं की बरं वाटतं, पोरांना तर फारच.

दुपारी पेडर रोडवर, म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्गावर, भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय बघितलं. 2019 पासून ते खुलं आहे, अर्धं गुलशन महल या जुन्या बंगल्यात आणि अर्धं नव्या इमारतीत. सोमवारी बंद असतं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी मुलांना दोनच गोष्टी आवर्जून सांगितल्या.

पहिली वाटाण्याची. 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांकडे कॅमेरा होता, पैसा नव्हता. सावकाराला खात्री पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडी-थोडी फ्रेम घेत गेले. पडद्यावर बघता-बघता बीजाचा वेल झाला आणि पैसे उभे राहिले. एकेक फ्रेम घेऊन हालचाल रचायची, हीच तर ॲनिमेशनची मुळाक्षरं. पुढे त्यांनी आगकाड्यांना नाचवणारी फिल्मही केली. आणि हे सगळं चाललं असताना त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून फिल्मच्या कडांना भोकं पाडत, ऊन परतवण्यासाठी चादरी धरून उभ्या राहत, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. आपल्या पहिल्या कथापटाच्या तांत्रिक कामात एक बाई मुळापासून होती, हे मुलींना ठणकावून सांगावं असं मला वाटतं, आणि मॅडमनी ते माझ्याहून चांगलं सांगितलं.

दुसरी गोष्ट फिल्म्स डिव्हिजनची, म्हणजे माहितीपट काढणाऱ्या सरकारी खात्याची. 1956 मध्ये तिथं कार्टून विभाग सुरू झाला, तेव्हा डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत राम मोहन होते. त्यांनी पुढे पन्नासहून अधिक वर्षं हेच काम केलं, युनिसेफच्या कार्टूनमधली मीना नावाची ती चुणचुणीत मुलगी त्यांनीच हलती-बोलती केली. आमच्या मॅडमना मीना लहानपणापासून पाठ, पण ती घडवणाऱ्याचं नाव त्यांनी इथंच ऐकलं.

त्याच आवारात 2025 मध्ये आयआयसीटी ही ॲनिमेशन, व्हीएफएक्स (म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली पडद्यावरची करामत) आणि गेमिंगची नवी संस्था सुरू झाली आहे. मुलांनी पत्ता टिपून घेतला.

गुरुवार : गोरेगाव

चित्रनगरीचा दिवस सगळ्यांत गाजावाजाचा, आणि माझ्या मते सगळ्यांत हलका. 1977 साली उभी राहिलेली ही जागा डोंगरात पसरलेली, रस्ताभर मंदिरं, चौक, चाळी, सगळं खोटं. एका मालिकेच्या सेटवर अर्धा तास उभं राहू दिलं. मुलींना नायिका दिसली, आरडाओरडा झाला.

एका भिंतीला एकानं टिचकी मारली. दगडी वाडा, आवाज मात्र पोकळ. प्लायवर प्लास्टर, त्यावर रंग. ती भिंत रंगवणारे काका शेजारीच स्टुलावर बसले होते, साठीचे, बोटांच्या पेरांत राखाडी रंग मुरलेला. त्यांनी डब्यातला चहाचा चोथा दाखवला, तो पाण्यात कालवून भिंतीवर उडवायचा, म्हणजे जुनाट डाग येतात. "पावसाचा डाग वरून खाली येतो, ओलीचा खालून वर चढतो. उलटं केलं की कॅमेरा पकडतो," म्हणाले. ओल खालून चढते हे आमच्या प्रत्येक मुलाला घरच्या भिंतीवरून माहीत आहे. ते ज्ञान असं कामी येतं, हे नवीन होतं.

शुक्रवार : अंधेरी

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी अंधेरीतल्या एका ॲनिमेशन-व्हीएफएक्स स्टुडिओत कॉम्पोझिटर, म्हणजे चित्राचे थर जुळवणारा, आहे. त्यानं वरिष्ठांकडून दोन तास मिळवले होते. आत पडदे ओढलेले, मंद उजेड, रांगेनं मॉनिटर आणि हेडफोन घातलेली माणसं. मुलांना आधी तो कॉल सेंटरसारखा वाटला.

त्यानं एकेक टेबल समजावलं. इथं मॉडेलिंग, म्हणजे पात्र घडवायचं. इथं रिगिंग, म्हणजे त्याला आतून हाडं आणि सांधे द्यायचे. मग ॲनिमेटर ते हलवतो, दुसरा प्रकाश देतो, तिसरा सगळे थर एकावर एक बसवून चित्र एकजीव करतो, ते कॉम्प. आणि दाराजवळच्या लांब रांगेत रोटो आणि पेंट, नव्यानं लागलेली मुलं बसतात ती. नटाच्या अंगाची कड फ्रेमगणिक हातानं काढायची, दोरखंड-तारा पुसायच्या. "मी दोन वर्षं हेच केलं," तो म्हणाला. "पहिला पगार बारा हजार. पाच जण मिळून खोली. डिलिव्हरी असली की रात्रभर. डोळे आणि पाठ सांभाळा, आणि घरच्यांना खरं सांगून या." मी त्याला असंच बोलायला सांगितलं होतं. त्यानं काही झाकलं नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. हे कुणी सांगितलं असतं तर डाळिंबाची बाग वाचली असती.

शेवटच्या टेबलावर एका गावाचं दृश्य चालू होतं. माळ, बाभळ, मेंढ्यांचा कळप. आमच्यातला एक मुलगा मेंढपाळाच्या घरचा आहे. अकरावीत वर्गात कमी आणि कळपामागे जास्त चाललेला, वहीच्या मागच्या पानांवर मेंढ्याच मेंढ्या. तो पडद्याजवळ वाकून बघत राहिला. मग माझी बाही ओढली.

"सर, मेंढरं अशी उभी ऱ्हात न्हाईत."

मी त्याला गप्प करणार होतो. पण टेबलावरच्या ताईंनी खुर्ची वळवली. "का रे?"

"सावली पायाखाली दावलीया. म्हंजे भर दुपार. दुपारच्याला मेंढरं डोकी वर करून उभी ऱ्हात न्हाईत. एकमेकीच्या पोटाखाली डोस्की घालत्यात, सावलीला. लांबनं बघितलं तर नुसती पाठीची चकती दिसती."

सगळे गप्प. ताईंनी त्याला टॅब्लेटचा पेन दिला. त्यानं तो खडूसारखा धरला, मग सवय झाल्यावर सैल सोडला. पाच-सहा रेघांत घोळका काढला, डोकी आत, शेपट्या बाहेर, कडेला एकच मेंढी जागा शोधत फिरणारी. तिचं नाक बाकदार, आपल्या माडग्याळी मेंढीचं असतं तसंच.

"आणि चालताना?" ताईंनी विचारलं.

तो उठला आणि चालूनच दाखवायला लागला, दोन्ही हात पुढचे पाय करून. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. "मागचा पाय पुढच्याच्या जाग्यावर यायला लागला की पुढचा उचलतो. न्हाईतर पायात पाय." ताईंनी मोबाईलवर त्याचं चालणं टिपून घेतलं, रेफरन्ससाठी. त्यांनी त्याचं कौतुक केलं नाही, पुढचा प्रश्न विचारला, आणि मग त्याच्या पुढचा. वीस मिनिटं दोघं बोलत होते. मेंढी बसताना आधी कुठले गुडघे टेकते, कुत्रं आलं की कळप कुठून फुटतो, कोकरू आईला वासावरून ओळखतं की आवाजावरून. निघताना म्हणाल्या, "चालण्याचं पुस्तक आम्ही विकत आणतो. तुझ्याकडे ते घरी आहे. रोज एक पान काढ, वर्षानं मला दाखव."

आमच्या जुन्या विद्यार्थ्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, सॉफ्टवेअर सहा महिन्यांत येतं सर, हे येत नाही.

शनिवार, पहाट

रात्री नऊला मुंबई सोडली. एक्स्प्रेसवेवर मुलांनी गाणी म्हटली, साताऱ्याच्या पुढे सगळी आडवी. गलाईवाल्यांची पोरगी तेवढी जागी होती. बारावीला रसायनशास्त्र घेतलंय, पुढे बीएस्सी करून जतनाच्या कामाकडे जाता येईल का, असं मॅडमना विचारत होती. मोटार रिवायंडिंगवाल्याच्या पोरानं माझ्याकडून बाबूराव पेंटरांचं नाव वहीवर लिहून घेतलं, "पप्पांना सांगायचंय" म्हणून.

आटपाडीत शिरलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. शनिवार, म्हणजे आमच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराचा दिवस. टेम्पो लागत होते, धुकट उजेडात बें-बें चाललेली, लोकर आणि लेंड्यांचा वास थेट बसमध्ये. स्टँड अजून अर्धा किलोमीटर होता. मेंढपाळाच्या पोरानं पुढे येऊन विचारलं, "सर, हितंच उतरू का?"

ड्रायव्हरनं बस थांबवली. त्यानं पिशवी खांद्याला मारली, उतरला आणि जाळीच्या कडेला उकिडवा बसला. वही काढली. टेम्पोच्या फळीवरून मेंढ्या एकेक करून उतरत होत्या आणि तो त्यांच्या पायांकडे बघत होता, उतारावर आधी कुठला खूर टेकतो ते. पलीकडून त्याच्या वडिलांनी हाक मारली.

"आलो, आप्पा," तो म्हणाला, पण उठला नाही.